आधी रक्त, मग चहा

आत शिरण्यापूर्वी चपला काढायला लावणारी घरं सोलापुरात गल्लोगल्ली आहेत. पण बाही वर करायला लावणारं घर एकच, आणि ते माझ्या मावससासूबाईंचं. माझ्या नवऱ्याची ही सख्खी मावशी, म्हणून मीही त्यांना मावशीच म्हणते. पेशानं त्या पॅथॉलॉजिस्ट. खाली लॅब, वर घर, आणि मधल्या जिन्यापाशी एक रुंद हातांची लाकडी खुर्ची. त्या खुर्चीवर बसल्याशिवाय आजवर कुणी पाहुणा वर गेलेला नाही. माणूस लग्नाची पत्रिका घेऊन आलेला असो नाहीतर नातवाच्या मुंजीचे पेढे, मावशी आधी त्याच्या दंडाला रबरी पट्टा आवळतात, मूठ मिटायला सांगतात, आणि सुई आत गेल्यावर मग प्रेमानं विचारतात, "हं, काय म्हणता? सगळे बरे ना घरी?" शिरेत सुई असताना माणूस थापा मारत नाही असं त्यांचं ठाम मत आहे. नंतर चहा मिळतो, तो मात्र आलं घातलेला आणि अगदी उत्तम.

लग्नानंतर आम्ही जोडीनं नमस्काराला गेलो होतो. मी वाकले. "अखंड सौभाग्यवती भव," मावशी म्हणाल्या, आणि मी सरळ उभी राहते न राहते तोच माझा हिरवा चुडा वर सरकवत, "मूठ आवळ." मला वाटलं, असेल बाई यांच्यात पद्धत! सासरी काय काय करावं लागतं हे आईनं मला महिनाभर पढवलं होतं, पण त्यात हे नव्हतं. मी नवऱ्याकडे पाहिलं, तर तो आपली बाही दुमडून रांगेत उभाच. आठ दिवसांनी मावशींचा फोन आला. "अभिनंदन. तू नॉर्मल आहेस." तेव्हापासून आमच्या घरात भांडण झालं की मी हा दाखला काढते. मी नॉर्मल असल्याचं मावशींनी सांगितलंय, तुझं काय ते तू बघ, असं म्हटलं की नवरा गप्प बसतो, कारण त्याचं कोलेस्टेरॉल साऱ्या खानदानाला माहीत आहे.

ही रक्ताची खंडणी मावशी हौसेखातर गोळा करत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की आजाऱ्याचं रक्त तपासताना शेजारी धडधाकट माणसाचं रक्त ठेवल्याशिवाय काही कळत नाही. मोठमोठ्या कंपन्यांच्या तपासणीच्या सामानाबरोबर छापील कागद येतात, नॉर्मल म्हणजे इतकं इतकं. मावशी तो कागद चष्म्याच्या वरून बघतात आणि बाजूला ठेवतात. "त्यांचा नॉर्मल त्यांच्या गावचा. बर्फात राहणारा, उकडलेलं खाणारा. माझा पेशंट सोलापूरचा आहे. उन्हात भाजलेला, शेंगाचटणीवर वाढलेला, लहानपणी सतरा ताप अंगावर काढलेला. त्याच्या शेजारी मला इथलाच माणूस पाहिजे." आणि इथला माणूस फुकट, वारंवार आणि तक्रार न करता रक्त देणारा कुठून आणायचा? तर नातेवाइकांतून. माझ्या नवऱ्यानं आम्हा सगळ्यांना 'नॉर्मल मंडळ' असं नाव दिलं होतं. मावशींना ते इतकं पसंत पडलं, की त्या गंभीरपणे ते वापरू लागल्या. कुणाचं लग्न ठरलं की त्या मुलीचं नाव-गाव विचारत नाहीत; "मंडळात एक वाढली," एवढंच म्हणतात.

माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नाहीत, रक्त राहतं. एका बारशाला कुणीतरी समोर येऊन हसलं तर मावशी शून्य नजरेनं बघत राहिल्या. मी कानात सांगितलं, तुमची चुलत पुतणी. तशी त्यांची कळी खुलली. "अगंबाई, ओ निगेटिव्ह! ये ये, किती वाळलीस. लोहाच्या गोळ्या घेत नाहीस ना?" ती बिचारी जिलबीची वाटी खाली ठेवून कबूल झाली.

आणि पेशंटचं तोंड बघितल्याशिवाय सही करायची नाही हा दुसरा नेम. यावरून गावात त्यांच्याबद्दल तक्रारी पुष्कळ. लोक म्हणतात, अहो पावती आणलीय, रिपोर्ट द्या की! मावशी म्हणतात, पावतीला ताप येतो का? एकदा एका माणसाच्या रक्तात साखर भलतीच वाढलेली निघाली. मावशींनी त्याला बोलावणं धाडलं. आला तो काडीसारखा, चपळ, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत. मावशींनी त्याला खुर्चीत बसवून खोदून खोदून विचारलं, तेव्हा उलगडा झाला. गडी सुईला घाबरत होता, म्हणून त्यानं आपल्या जाड्या थोरल्या भावाला पाठवलं होतं. "एकाच आईच्या पोटचे हाय की आमी," तो म्हणाला, "रक्त एकच असणार." मावशींनी मग दोघा भावांना शेजारी शेजारी बसवलं. थोरल्याला त्या दिवशी आपला आजार कळला, आणि अजूनही तो दर दिवाळीला मावशींकडे बिनसाखरेचे लाडू पाठवतो.

पण मावशींचा खरा जीव अडकलाय तो मागच्या अंधाऱ्या खोलीत. तिथं त्यांचा एक विशेष सूक्ष्मदर्शक आहे. काही तपासण्यांत रक्ताला असा रंग चढवतात, की दोष असला तर काचेवर हिरवा उजेड दिसतो, आणि तो बघायला काळोख लागतो. खिडक्यांना दुहेरी काळे पडदे, दाराच्या फटीला जुनी सोलापुरी चादर. मावशी आत गेल्या की जगबुडी झाली तरी दार उघडायचं नाही. त्यांच्या मुलाला मुलगा झाला ती बातमी माझ्या सासूबाईंनी दाराबाहेरून ओरडून सांगितली होती. आतून आवाज आला, "वजन किती?" सासूबाईंनी सांगितलं. "रडला का लगेच?" रडला म्हणाल्या. "बरं. दार उघडू नका." आजी झालेली बाई त्यानंतर तासाभरानं बाहेर आली आणि मग ढसाढसा रडली.

या मंडळात यायला सपशेल नकार देणारा एकच माणूस निघाला, तो म्हणजे माझा बाप. अण्णांचं नातेपुत्याला खत-बियाणांचं दुकान. लग्नानंतर आमच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला मावशी आपली पेटी घेऊन हजर होत्या, आणि टिळा लावून झाल्यावर त्यांनी व्याह्यांच्या दंडाकडे हात नेला. अण्णा खुर्चीसकट मागं सरकले. "पोरगी दिली की. आता रगत बी देऊ व्हय?" सगळा मांडव हसला, मावशीही हसल्या, पण सोडतील त्या मावशी कसल्या! पुढं दर सणाला मागणं आणि दर सणाला नकार. अण्णा आमच्याकडे आले की मावशींच्या घराचा रस्ता टाळून लांबून रिक्षा फिरवायचे. साडेसहा फुटी माणूस, खताचं पोतं पाठीवर लीलया टाकणारा, पण सुई म्हटलं की त्याचं पाणी पाणी व्हायचं.

यंदा पाडव्याच्या सुमारास अण्णांना हृदयविकाराचा झटका आला. नातेपुत्याहून सोलापूरला आणलं, वेळेत आणलं, अडकलेली शीर उघडली. बरं वाटल्यावर विश्रांतीला म्हणून जुळे सोलापूर भागातल्या आमच्या फ्लॅटवर ठेवलं. चांगले हिंडूफिरू लागले होते. आणि वैशाखाच्या ऐन भट्टीत त्यांना ताप भरला. छातीत कळा. आडवं झालं की दुखायचं, म्हणून पलंगावर बसून, पोटाशी उशी धरून, पुढं वाकून राहायचे. तो डोंगराएवढा माणूस असा घडी घातल्यासारखा बसलेला बघवेना. परत हॉस्पिटलात नेलं. हृदयाभोवती पाणी साठलंय म्हणाले.

आमचे हृदयाचे डॉक्टर तरुण, मावशींचेच जुने विद्यार्थी. त्यांनी मला बाजूला घेऊन न लपवता सांगितलं. "दोन शक्यता आहेत. एक म्हणजे टीबी. आपल्या भागात ताप आणि असं पाणी म्हटलं की आधी तोच विचार करावा लागतो. दुसरी, झटक्यानं दुखावलेल्या हृदयावर शरीर स्वतःच चालून गेलंय. असं कधीकधी होतं. पण पंचाईत अशी, की दुसऱ्या शक्यतेच्या उपचारात शरीराचे रोगाशी लढणारे शिपाईच आवरावे लागतात, आणि आत टीबी असला तर शिपाई आवरले की तो मोकाट सुटतो." मी विचारलं, मग? "पाणी वाढतंय. उद्या दुपारपर्यंत काय ते ठरवायला हवं. नाहीतर सुई घालून पाणी काढायचं आणि पुण्याला हलवायचं." त्या अवस्थेत त्यांना ॲम्ब्युलन्समध्ये आडवं कसं करायचं, हेच मला कळेना. 

मावशी आल्या. कसं वाटतंय वगैरे त्यांनी काही विचारलं नाही. अण्णांच्या छातीला नळी लावली आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिल्या. "नव्या कोल्हापुरी चपलेसारखं करकरतंय," म्हणाल्या. "व्याही, आता मात्र रक्त पाहिजे."

अण्णांनी ग्लानीतही हात पांघरुणात ओढून घेतला. "कशाला?"

मावशी पलंगाच्या कडेला टेकल्या. "सांगते. माझ्याकडे काचेवर हृदयाच्या मांसाची एक चकती आहे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. तिच्यावर तुमचं रक्त घालायचं. तुमच्या रक्तात हृदयावर उठलेले शिपाई असतील तर ते तिला जाऊन चिकटतील, आणि मला अंधारात दिसतील."

"काळीज कुनाचं हाय त्ये?"

"माकडाचं."

अण्णा जन्मभर शनिवार धरणारे. नातेपुत्याच्या मारुतीला तेल घातल्याशिवाय दुकानाचं शटर न उघडणारे. ते थोडा वेळ छताकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांचा हात पांघरुणाबाहेर आला. "मारुतरायाच्या कुळातलं हाय म्हंता. त्यानं सोता छाती फाडून दावलं, आन मी सुईला मागं सरू व्हय? घ्या." सुई गेली तेव्हा त्यांनी माझा अंगठा असा दाबला की नख काळंनिळं झालं. पण तोंडातून अवाक्षर नाही.

संध्याकाळच्या आत मावशींनी काच बघितली. हिरवं होतं. अगदी लख्ख नव्हे, पण होतं. मी आनंदानं उडीच मारणार होते. डॉक्टर मात्र हसले नाहीत, आणि त्यांचंही बरोबर होतं. "मॅडम, तुम्हीच शिकवलंय आम्हाला. थोडंफार हिरवं तर धडधाकट माणसातही दिसतं. एवढ्यावर मी टीबी नाही असं कसं म्हणू? तुमचे नॉर्मल काय म्हणतात?"

आणि इथं घात झाला. आदल्याच आठवड्यात वळवाच्या वादळात वीज गेली होती, इन्व्हर्टरनंही मान टाकली होती, आणि शीतपेटीत जपून ठेवलेलं सगळ्या मंडळाचं रक्त वितळून गेलं होतं. मावशींनी ते त्याच दिवशी फेकून दिलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याकडे एकही नॉर्मल शिल्लक नव्हता. मावशी माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "सगळ्यांना बोलाव. व्याह्यांच्या वयाचे पुरुष आधी. उद्या सकाळी लॅबवर. उपाशी यायचं."

नवऱ्यानं फोन लावले, आणि बघता बघता माणसं निघाली. तिऱ्हेवाडीचे, अक्कलकोटचे, बार्शीचे. उद्याची वाट कुणीच बघितली नाही. केम गावचे मामा, म्हणजे मावशींचे धाकटे भाऊ, मिळेल त्या गाडीनं आंब्याची पाटी डोक्यावर घेऊन सोलापूर स्टेशनात उतरले आणि थेट आमच्या फ्लॅटवर आले. मामा म्हणजे कर्ता माणूस. आल्याआल्या त्यांनी सूत्रं हातात घेतली. पहाटेच त्यांनी माझ्या सासूबाईंना रस काढायला बसवलं, स्वतः पुऱ्या लाटायला घेतल्या, आणि सगळ्या मंडळाला पंगतीला बसवलं. मी हॉस्पिटलात होते. असते तर बोलले असते. नवऱ्यानं म्हणे विचारलं, मामा, मावशी उपाशी या म्हणाली होती ना? मामांनी त्याच्या वाटीत तुपाची धार सोडली. "ती पेशंटची गोष्ट, येड्या. रक्तदानाच्या शिबिरात जेवून या म्हणतात की नाही? उपाशी पोटी रगत दिलं तर माणसं चक्कर येऊन पडतील, आन मग अक्काच मला बोलंल. खा लाज न करता."

पोटभर आमरस-पुरी खाऊन, वरून विडा घेऊन, नॉर्मल मंडळ दुचाक्या आणि रिक्षांवरून लॅबमध्ये दाखल झालं. मीही तोवर हॉस्पिटलातून तिथं पोचले होते. बाह्या वर झाल्या, रक्त निघालं. मावशींच्या लॅबमधल्या शबानाबाई, ज्यांचा हात मावशींपेक्षाही हलका, त्यांनी नळ्या यंत्रात फिरवून बाहेर काढल्या. रक्त खाली बसलं की वर स्वच्छ पिवळसर पाणी राहायला हवं. शबानाबाईंनी एक नळी उजेडात धरली, मग दुसरी, मग तिसरी.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "ये तो सब बासुंदी है."

सगळ्या नळ्यांत वर दुधासारखं पांढरं. तूप रक्तात उतरलं होतं. असल्या रक्तावर ही तपासणी धड होत नाही, हे मलाही तेव्हाच कळलं. मावशींनी मामांकडे पाहिलं. मामांनी मावशींसाठी बरोबर आणलेल्या उरलेल्या आंब्यांकडे पाहिलं. मावशी आयुष्यात कुणावर ओरडलेल्या मी पाहिल्या नाहीत, त्या दिवशीही ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "माणूस मरायला टेकलाय, आणि तू पुऱ्या तळल्यास." मामांचा चेहरा असा पडला, की मला त्यांचीच कीव आली. हा माणूस रात्रभर झोपला नव्हता आणि जे केलं ते मायेपोटी केलं होतं.

मावशींनी हॉस्पिटलला फोन केला. डॉक्टर म्हणाले, पाणी अजून हाताबाहेर नाही, ताप थोपवून धरतो. उद्या सकाळपर्यंत थांबू, पुढं नाही. मग मावशींनी सगळ्या मंडळाला वरच्या मजल्यावर नेलं आणि स्वयंपाकघराला कुलूप घातलं. किल्ली कमरेला. घरी जाऊन उपाशी राहतील यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. दिवसा एकदा ताकभात मिळाला, तोही मावशींनी स्वतः वाढलेला. नंतर नुसतं पाणी. मे महिना, डोक्यावर कौलं, आणि भिंतींना टेकून बसलेली आमची ढेरपोटी मंडळी. कुणी कुरकुरलं नाही हो! एरवी लग्नात वांग्याच्या भाजीवरून रुसणारी ही माणसं. बार्शीचे काका उपाशी पोटी अण्णांसाठी मारुतीस्तोत्र म्हणत होते. मामा एकदा बाहेरच्या खोलीतल्या रिकाम्या फ्रिजचं दार उघडून उभे असलेले सापडले. "न्हाय न्हाय," ते घाईनं म्हणाले, "गार वारं घेतोय नुसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बाह्या वर झाल्या. या वेळी नळ्यांत वरचं पाणी असं स्वच्छ, की शबानाबाई "माशाअल्ला" म्हणाल्या. जवळच्या माणसाचं रक्त असलं की मावशींचा आणखी एक नेम असतो: काचेवरच्या कुठल्या खान्यात कुणाचं रक्त घातलं हे त्या स्वतःला कळू देत नाहीत. ते शबानाबाईंनाच ठाऊक. "माझी इच्छा डोळ्यात शिरते," मावशी म्हणतात. मामांपासून नवऱ्यापर्यंत सगळे, आणि त्यांच्यातच कुठंतरी अण्णा, असे शेजारी शेजारी माकडाच्या हृदयावर बसले. अण्णांचं आणि सगळ्यांचं रक्त सारखंच पातळ केलेलं, आदल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त, म्हणजे धडधाकट माणसातलं थोडंफार हिरवं विरून जावं आणि खरा दोष असेल तोच उरावा.

काळ्या पडद्याच्या खोलीत मावशी, डॉक्टर आणि मी. दाराबाहेर सगळं मंडळ, श्वास रोखून. मावशी सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावून बोलू लागल्या. "पहिला, काळा. दुसरा, काळा. तिसरा, काळा." मी मनातल्या मनात मारुतीला नारळ बोलत होते. "काळा. काळा. हा..." मावशी थांबल्या. पुढचा खाना बघितला, काळा. त्यापुढचा, काळा. शेवटपर्यंत गेल्या आणि पुन्हा मागं आल्या. काही न बोलता त्या उठल्या आणि डॉक्टरांना बसवलं. डॉक्टरांनीही पहिल्यापासून सगळे खाने बघितले आणि एका जागी थांबले. दोघांची जागा एकच निघाली. मग मला बघू दिलं. काळ्याभोर काचेवर हिरवेगार पट्टे, एकाशेजारी एक, नांगरलेल्या रानासारखे, इतकं पातळ करूनही न विरलेले. इतकं सुंदर आणि इतकं दुष्ट मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

"शबाना," मावशींनी दाराआडून विचारलं, "हा कोण?"

"व्याहीसाब, मॅडम."

आमच्या सगळ्या गोताच्या रक्तात त्या हिरव्याचा ठिपकाही नव्हता. एकट्या अण्णांचं रक्त पेटलं होतं. डॉक्टर म्हणाले, "बस झालं मॅडम. बाकीच्या तपासण्याही याच बाजूला बोट दाखवताहेत. औषध सुरू करतो." शिपायांना आवरून सूज उतरवणारी औषधं, आणि रोज नजर ठेवायची. मावशींनी दार उघडलं, बाहेरच्या उजेडात डोळे मिचकावले आणि मंडळाला उद्देशून म्हणाल्या, "जमलं. तुम्ही सगळे नॉर्मल आहात, तो एकटा नाही." अहो, काय जल्लोष झाला! लॅबच्या दारात आमचे लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते, रस्त्यावरचे लोक विचारत होते कुणाची निवडणूक आली. मामांनी तर चक्क धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मावशींनी कमरेची किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली. "जा. तळ आता पुऱ्या."

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आठवड्याच्या आत अण्णा पाठ टेकून, हातपाय पसरून, घोरत झोपले. मी पलंगाशी उभी राहून ते घोरणं ऐकत होते. लहानपणी त्याच घोरण्याला वैतागून मी आजीच्या खोलीत झोपायला जायची. मावशींनी त्यांना नीट समजावून सांगितलं: हृदयाचा आतला भाग शरीराच्या शिपायांनी कधी पाहिलेला नसतो, झटक्यानं तो उघडा पडला आणि शिपायांना वाटलं, हा कोण परका. अण्णांनी मान डोलावली. "म्हंजे भाऊबंदकीच की. घरचाच माणूस, वळखला न्हाय, आन धरला कुऱ्हाडीवर." मावशी म्हणाल्या, अगदी तसंच; आणि पुढं विद्यार्थ्यांना शिकवताना त्या हेच वाक्य वापरू लागल्या.

परवा दिवाळीनंतर अण्णा शेवटच्या तपासणीला आले. रक्त आता शांत झालंय की नाही हे बघायचं होतं. मावशींनी मला एकटीलाच अंधाऱ्या खोलीत बोलावलं. त्या नेहमीपेक्षा फार वेळ नळीला डोळा लावून बसल्या होत्या. मग उठल्या. "बस. पहिला खाना मुद्दाम दोषी रक्ताचा आहे, तपासणी चालतेय हे कळावं म्हणून. दिसतंय हिरवं?"

"लख्ख दिसतंय."

"शेजारचा अण्णांचा. काय दिसतंय?"

"काही नाही."

"नीट बघ. फिकट पट्टे? कडेला?"

"नाही मावशी. काळं आहे सगळं."

 अंधारात त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. "मलाही काळंच दिसलं. पण गेले काही महिने मला फिकट हिरवं दिसेनासं झालंय. तेव्हा ते नाहीच म्हणून दिसत नाही, की माझे डोळे गेले म्हणून, हे मला कळेना. शबाना म्हणते काळं आहे. पण ती माझं मन राखते गं. तू बापाच्या बाबतीत माझं मन राखणार नाहीस."

 मी पुन्हा नळीला डोळा लावला, खान्याचा कोपरान् कोपरा बघितला, जितकं बघता येईल तितकं बघितलं. "काळं आहे, मावशी. खरंच काळं आहे. तुम्ही बघितलं ते बरोबर आहे."

"मग झालं," त्या म्हणाल्या. मी दिव्याचं बटण चाचपू लागले तर त्यांनी माझा हात धरला. "थांब थोडं. दिवा नको इतक्यात."

आम्ही तशाच बसून राहिलो. दाराबाहेर अण्णा आणि मामा तुरीच्या भावावरून वाद घालत होते, आणि मध्येच अण्णा मोठ्यानं हसले, अगदी पूर्वीसारखे, छातीच्या तळातून. माझे डोळे भरून आले, आणि अंधार होता म्हणून मी ते पुसलेही नाहीत. मावशी मान कलती करून ऐकत होत्या.

"खणखणीत आहे गं," त्या हळूच म्हणाल्या, "आवाज तुझ्या बापाचा."